मालन मावशीची कॅज्युअल्टी

बोरिवलीच्या एका मोठ्या इस्पितळात मालन घाडीगावकर बावीस वर्षं आयाबाईचं काम करते आहे, आणि त्यातली एकोणीस वर्षं कॅज्युअल्टीत. तेव्हा कॅज्युअल्टी म्हणजे काय, हे मालनला शिकवायची कोणाची छाती होणार? फाटकातून आत आलं की डाव्या हाताला, लाल अक्षरांची पाटी, दोन झुलती दारं, आठ खाटा आणि एका बाजूला ओढणारं स्ट्रेचर. रिक्षावाल्यापासून आमदाराच्या माणसापर्यंत सगळे तिथं आडवेच येतात आणि सगळ्यांना आधी मालन मावशीच दिसते. नवे डॉक्टर येतात, वर्षभरात हुशार होऊन निघून जातात. मावशी तिथंच असते.

आपल्याला इंग्रजी येत नाही असं ती स्वतःच सांगायची, आणि ते खोटं होतं. देवगडकडच्या शाळेत आठवीपर्यंत शिकताना अक्षरओळख झाली होती. बाकीचं इस्पितळानं शिकवलं. ऑपरेशन, क्रिटिकल, स्टेबल, ऑब्झर्व्हेशन, डिस्चार्ज. हे शब्द तिच्या तोंडात भाकरीसारखे बसले होते. फक्त त्यांना दुसरं काही घरदार असेल, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं.

तिची एकुलती एक लेक श्रुतिका नर्सिंग शिकली आणि सैन्यात गेली. खांद्यावर दोन तारे लागले तेव्हा मालनचा नवरा चंद्रप्रकाश, जो गोरेगावच्या स्टुडिओत लाइटमन आहे, त्यानं तो फोटो अख्ख्या सेटला दाखवला. हिरोला म्हणे दोनदा दाखवला. मालननंही पेढे वाटले. पण गेल्या वर्षी पोरीची बदली वर डोंगरात, सीमेजवळच्या लष्करी इस्पितळात झाली आणि मालनच्या पोटात भीतीनं जे बस्तान मांडलं ते उठायचं नाव घेईना. चारचौघांत ती हे बोलत नसे. सैनिकाच्या आईनं घाबरायचं नसतं, असं टीव्हीवरच्या बायका सांगत होत्या. त्यांच्या पोरी कुठं होत्या देव जाणे.

यंदा मार्चमध्ये सीमेवर पेटलं. कुठल्याशा डोंगराच्या कण्यावरून दोन देशांचं जुनं भांडण. हा म्हणे माझा, तो म्हणे माझा, आणि कण्यावर गवतसुद्धा उगवत नाही. दहिसरला नदीकाठच्या चाळीत घरोघरी टीव्ही किंचाळू लागले. पडद्यावर खोटी विमानं, खोटे धमाके, आणि एकमेकांवर वसकन ओरडणारी खरी माणसं. मालनला जेवण जाईना. श्रुतिकाचा आठवड्यातून एकदा फोन यायचा, तोही तुटक. तिनं आईला बजावलं, की टीव्ही बंद कर, बातमी पाहिजेच तर इंग्रजी पेपर वाच, त्यात निदान आरडाओरडा नसतो. पोरगी सहज बोलून गेली. आईनं ते औषधाच्या चिठ्ठीसारखं धरून ठेवलं.

इंग्रजीसाठी तिनं कॉन्सेप्टा टीचरला गाठलं. कॉन्सेप्टा टीचर आयसी कॉलनीच्या मागच्या गावठाणात राहते, चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून आता घरी असते. दोन वर्षांपूर्वी चर्चच्या पायरीवरून पडून तिनं मनगट मोडून घेतलं, तेव्हा कॅज्युअल्टीत तिचा हात मालननंच धरला होता. आता मालन दुपारी दोनला सकाळपाळी संपवून पेपर काखेत मारून तिच्या ओटीवर हजर व्हायची. टीचरची शिस्त कडक. रोज सीमेवरची एकच बातमी, त्यातले पाच शब्द, दोनशे पानी वहीत अर्थासकट. पेपराच्या बाकीच्या पानांवर काय वाटेल ते असो, मालनला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

अर्थ मात्र ती स्वतःचे लिहायची. ‘स्टँडऑफ’पुढं तिनं लिहिलं, नळावर दोघी हंडे लावून उभ्या, कोणी मागं सरत नाही. ‘एस्केलेशन’ तिला बोरिवली स्टेशनच्या सरकत्या जिन्यावरून ताबडतोब कळलं, एकदा पाय ठेवला की आपण थांबलो तरी वर जातोच. टीचर हसून म्हणाली, की हा अर्थ डिक्शनरीपेक्षा बरा आहे, राहू दे. ‘टेन्शन’ तर शिकवावंच लागलं नाही. बॉर्डरवर टेन्शन आहे, हे वाचून मालन म्हणाली की इथं काय कमी आहे.

आणि मग तिला पेपरात आपली माणसं भेटू लागली. ऑपरेशन सुरू आहे. परिस्थिती क्रिटिकल आहे. डोंगर ऑब्झर्व्हेशनखाली ठेवला आहे. सायंकाळपर्यंत सगळं स्टेबल. हे वाचताना तिला चक्क धीर यायचा. एकोणीस वर्षांचा तिचा अनुभव होता, की ऑपरेशन सुरू आहे म्हणजे आत डॉक्टर आहेत, दिवे लागलेत, कोणीतरी कोणालातरी वाचवतंय. टीचरनं प्रत्येक शब्दाचा सीमेवरचा अर्थ नीट समजावला. मालननं तो वहीत लिहूनही घेतला. पण मनात जुनाच चालू ठेवला, कारण जुना अर्थ उबदार होता.

पहिल्याच आठवड्यात ‘कॅज्युअल्टीज’ आला. अकरा कॅज्युअल्टीज, असं छापलं होतं.

“हा माझा शब्द आहे, टीचर,” मालन हसून म्हणाली. “पुढं चला.”

कॉन्सेप्टा टीचरनं तोंड उघडलं आणि मिटलं. चौतीस वर्षांत जिनं पोरांचं एक स्पेलिंग चुकू दिलं नाही, त्या बाईनं तो शब्द तसाच जाऊ दिला. दुसऱ्या आठवड्यात सात कॅज्युअल्टीज आल्या, नंतर चौदा. मालन दर वेळी त्यावरून बोट फिरवायची आणि पुढं जायची. तिचा हिशेब सरळ होता. चौदा जण कॅज्युअल्टीत आणले. कॅज्युअल्टीत दहा येतात त्यातले नऊ पट्टी बांधून, टाके घालून आपल्या पायांनी घरी जातात. वर पुन्हा तिथं तिची श्रुतिका होती, जिचा हात हलका होता. मालनला त्या पोरांची काळजी वाटायची, पण भीती नाही वाटायची. अख्ख्या बातमीत याच शब्दाला ती सगळ्यात कमी घाबरायची.

सहा आठवडे असे गेले. मग एका मंगळवारी बातमीत वाक्य आलं, की दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांनी भेटून नऊ कॅज्युअल्टीजच्या बॉडीज परत दिल्या. बॉडी हा शब्दही मालनचाच. त्याला मात्र इस्पितळात एकच अर्थ होता. तिचं बोट तिथं थांबलं. तिनं वाक्य पुन्हा वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, आणि टीचरकडे पाहिलं.

“कॅज्युअल्टीची बॉडी कशी होईल, टीचर? ती तर जागा आहे.”

कॉन्सेप्टा टीचरनं चष्मा काढला. “जागा नाय गो मालन. इथं तो माणूस आहे. लढाईत मेलेला नाहीतर जखमी झालेला माणूस. त्यालाच कॅज्युअल्टी म्हणतात.”

मालननं वहीची मागची पानं उलटून पाहिली, अकरा, सात, चौदा. ती भडकली. सहा आठवडे आपल्याला वेडी बनवलं, असं ती टीचरला तोंडावर म्हणाली, शिकवायचं नव्हतं तर ओटीवर बसवलं कशाला. टीचरनं सगळं ऐकून घेतलं. ती एवढंच म्हणाली, की त्या एका शब्दापाशी तू हसायचीस, सांगणं माझ्या जिवावर आलं. मालन वही मिटून उठली आणि त्या दिवशी पाच शब्द झालेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली, आणि लाल पाटीखाली तिचे पाय अडखळले. रोजची पाटी. एकोणीस वर्षं तिच्याखालून ती चहाचा कप घेऊन, शिव्या घालत, गाणं गुणगुणत गेली होती. आता त्या अक्षरांत मेलेली माणसं दिसायला लागली. ती मागच्या बाजूनं, एक्स-रेच्या बोळातून आत शिरली, आणि तसंच रोज शिरू लागली. मावशीला लांबचा वळसा घालायची हौस आली, अशी वॉर्डबॉयनी थट्टा केली. तिनं उलट उत्तर दिलं नाही, तेव्हा मात्र ते चपापले.

आठवड्याचा फोन त्या रविवारी आला नाही. सोमवारीही नाही.

गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास मालन तीन नंबरच्या खाटेखालची फरशी पुसत होती, तेव्हा कमरेला खोचलेला फोन थरथरला. नंबर श्रुतिकाच्या खोलीतल्या मैत्रिणीचा. ती केरळची, तिला मराठी येत नाही आणि हिंदीही बेताचंच. मेसेज इंग्रजीत होता, आणि मालननं तो कोणाच्या मदतीशिवाय, एकटीनं वाचला. श्रुतिका इन कॅज्युअल्टी. विल कॉल लेटर.

पंधरा दिवसांपूर्वी हाच मेसेज आला असता तर ती म्हणाली असती, बरं, पोरगी ड्युटीवर आहे, आणि फडका पिळला असता. तिला नेमकं हेच कळत होतं, आणि त्यानंच जीव कासावीस होत होता. शिकली नसती तर बरं झालं असतं. ती तिथंच फरशीवर बसली, बादलीला टेकून. फोन लावला तर पलीकडून बाई सांगत होती, की हा नंबर संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई, तोच गोड आवाज.

समोर डॉक्टर होते, सिस्टर होत्या, सगळे इंग्रजी जाणणारे. फोन पुढं केला असता तर अर्ध्या मिनिटात कोणीही सांगितलं असतं. पण तिनं केला नाही. विचारलं की अर्थ ठरणार. विचारलं नाही तोवर पोरगी दोन्हीकडे होती, खाटेवरही आणि खाटेशेजारीही. चंद्रप्रकाश शूटिंगवर होता, तिथं फोन काढून ठेवतात. ते तिला एका परीनं बरंच वाटलं.

बाराला एक रिक्षावाला आणला, हायवेवर डंपरनं उडवलेला. मालन यंत्रासारखी उठली, शर्ट कापला, हात धरला. त्यानं विचारलं, मी कुठाय, आणि एकोणीस वर्षांत हजारदा दिलेलं ‘कॅज्युअल्टीत’ हे उत्तर तिनं टाळलं. “दवाखान्यात,” ती शेवटी म्हणाली. त्याचा हात तिनं इतका घट्ट धरला होता की तोच म्हणाला, मावशी, जरा सैल.

दोनला ती सुटली आणि गावठाणात कशी पोचली ते तिला आठवत नाही. कॉन्सेप्टा टीचरशी अबोला धरलेला होता, तो वाटेतच कुठंतरी गळून पडला. तिनं ओटीवर चढून नुसता फोन पुढं धरला. टीचरनं वाचलं, चेहरा पांढरा झाला, आणि मग ती एकदम शाळेत शिरली.

“इन लिहिलंय. बघ, इन. माणूस मेला तर ‘इज अ कॅज्युअल्टी’ म्हणतील. इन म्हणजे आत. म्हणजे ही जागाच आहे, मालन. तुझीच जागा.”

मालननं तिच्याकडे पाहिलं. “टीचर, कॅज्युअल्टीत मी पण असते आणि पेशंट पण असतो.”

टीचरनं तिला आत नेऊन पाणी दिलं आणि दोघी फोन मध्ये ठेवून टेबलाशी बसल्या. एकीनं माळ हातात घेतली. दुसरीनं पदर डोक्यावर ओढून आपल्या गावच्या देवाला लेकीसाठी गाऱ्हाणं घातलं, ओठांतल्या ओठांत, देवा म्हाराजा, माझ्या चेडवाक सांभाळ, काय तां दुसऱ्याक होऊंदे, माझ्या चेडवाक नको. दुसऱ्याक म्हणजे दुसऱ्या कोणाच्या लेकराला, हे तिला बोलतानाच कळलं. तरी तिनं गाऱ्हाणं मागं घेतलं नाही. भीती माणसाला फार हलकं करते, आणि त्या दुपारी मालनला त्याची लाजही वाटली नाही. तीन वाजले, चार वाजले. चहा झाला, तो तसाच निवला. गल्लीत कोणाची तरी स्कूटर सुरू होत नव्हती आणि तो माणूस किक मारतच राहिला.

सव्वापाचला फोन वाजला. नंबर अनोळखी, लांबलचक. टीचरनं उचलून मालनच्या कानाला लावला.

“आई,” श्रुतिका म्हणाली.

मालनला रडू कोसळलं. ती बराच वेळ नुसती रडली आणि पलीकडून पोरगी विचारत राहिली, की काय झालं, बाबा बरे आहेत ना. आपला मेसेज वाचून आईचं काय झालं असेल, हे तिच्या गावीही नव्हतं. ती परवापासून कॅज्युअल्टीत ड्युटीवर होती, झोप नाही, जेवण उभ्यानं. आईला काळजी नको म्हणून मैत्रिणीला कळवायला सांगितलं होतं. आईला तो शब्द चांगला ठाऊक आहे, म्हणून इंग्रजीत चालेल असंही तिनंच सांगितलं होतं.

मालननं डोळे पुसले आणि तिच्यातली आयाबाई जागी झाली. किती आले, तिनं विचारलं. सतरा, श्रुतिका म्हणाली. चौदा जणांना हेलिकॉप्टरनं खाली मोठ्या इस्पितळात पाठवलं. मालननं वजाबाकी केली. मघाचं गाऱ्हाणं तिला आठवलं.

मग श्रुतिकाचा आवाज बदलला. त्या तिघांतला एक कणकवलीकडचा होता, ती म्हणाली, बावीस-तेवीसचा. माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचून मालवणीत बोलायला लागला. म्हणाला, ताई, माझ्या आवशीक सांगू नको, ती घाबरतली.

“पहाटे गेला गं. रीतसर कळवायला फौजेची माणसं त्याच्या घरी जाणारच आहेत. पण त्याची आई सकाळपासून इथल्या नंबरवर फोन करतेय, तिला कुणाचं बोलणं कळत नाही. साहेब म्हणाले, तू तिकडची आहेस, तू बोल. आई, मी काय शब्द वापरू?”

कॅज्युअल्टीच्या दारात नातेवाइकांना डॉक्टर सांगतात, ते मालननं एकोणीस वर्षं पाहिलं होतं. पेशंट एक्स्पायर झाला, डॉक्टर सांगतात आणि आत जातात. आणि बाहेरची बाई मालनचा हात धरून विचारते, मावशी, म्हणजे आता कधी सोडतील? दर वेळी पुढचं मालनला सांगावं लागलं होतं.

“इंग्रजी बोलू नकोस,” ती म्हणाली. “कॅज्युअल्टी म्हणू नकोस, सिरियस म्हणू नकोस, शहीद तर अजिबात म्हणू नकोस. आधी विचार, जवळ कोण आहे, त्यांना बसायला सांग. मग त्याचं नाव घे आणि ‘गेला’ म्हण. दुसरा कुठलाही शब्द घातलास ना, तर ती आशेवर राहील. आज सकाळपासून मी राहिले होते तशी.”

मग श्रुतिका म्हणाली, की माझ्या तोंडून निघत नाही गं, एकदा तुझ्याशी बोलून बघू?

“बोल.”

“मावशी,” श्रुतिका म्हणाली आणि थांबली. तिनं श्वास घेतलेला मालनला ऐकू आला. “मावशी, तुमचा सुशांत गेला.”

मालननं डोळे मिटून घेतले. टीचरनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

“हां,” ती लेकीला म्हणाली. “असंच सांग. आणि सांगून झालं की फोन ठेवू नकोस. ती बोलेपर्यंत थांब.”